कापणीचं यंत्र १८२८ सालीच चाललं होतं, मग ब्रिटनच्या शेतात विळा इतकी वर्षं कसा टिकला?

शिवारातला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

गेल्या महिन्यात गावी गहू काढला. हार्वेस्टर आला, तासाभरात रान मोकळं केलं, ट्रॉलीत दाणे ओतले आणि शेजारच्या बांधावर निघून गेला. आई बांधावर उभी राहून बघत होती. म्हणाली, "पूर्वी या रानात सरवा वेचायला दहा बाया यायच्या." सरवा म्हणजे कापणीनंतर रानात पडून राहिलेल्या ओंब्या. ते डोक्यातून जाईना. हे सगळं सुरू झालं ते व्हिक्टोरिया राणीच्या काळात, म्हणून त्या काळाबद्दल मिळेल ते वाचत बसलो. जे हाती लागलं ते इथे मांडतो. जाणकारांनी भर घालावी.

आपल्या मनात एक सरळ चित्र असतं: शोध लागला, यंत्र आलं, मजूर गेले. कापणीचं तसं झालेलं नाही.

पॅट्रिक बेल हा स्कॉटलंडमधल्या डंडीजवळच्या ऑक्टरहाउसचा, शेतकऱ्याचा मुलगा. जन्म १७९९. शिकत होता धर्मोपदेशक व्हायला, पण सुगीच्या दिवसांत माणसं वाकून वाकून कशी मोडतात हे त्याने लहानपणापासून बघितलेलं. एक दिवस कुंपणात खोचलेली माळ्याची मोठी कातर त्याला दिसली. ती उचलून त्याने कुंपणाच्या डहाळ्या छाटून पाहिल्या, आणि अशा कातरी एका रांगेत बसवायचं डोक्यात घेतलं.

पुढचा भाग मला फार आवडतो. यंत्र बनलं, पण लोकांसमोर फजिती नको म्हणून त्याने शेडमध्ये माती आणून पसरली. गंजीतल्या ओटच्या काड्या एकेक करून त्या मातीत रोवल्या, उभ्या पिकात असतात तितक्याच दाट. दार लावून घेतलं आणि हातगाडीसारखं यंत्र ढकलत त्या रोवलेल्या पिकातून नेलं. काड्या कापल्या गेल्या, पण वेड्यावाकड्या कशाही पडल्या. म्हणून त्याने फिरता कॅनव्हासचा पट्टा जोडला. कापलेलं पीक पट्ट्यावर पडायचं आणि एका बाजूला ओळीने उतरायचं. मग १८२८ च्या सुगीत रात्री अकराच्या सुमारास, सगळे झोपल्यावर, भाऊ जॉर्जला बरोबर घेऊन त्याने घोडा जुंपला आणि गव्हात यंत्र घातलं. थोडं पुढे गेल्यावर बघतात तर कापलेला गहू पुढेच ढिगाने साचलेला. पीक पात्यांकडे वाकवणारं फिरतं चक्र लावायचं राहिलं होतं! परत जाऊन चक्र आणलं, बसवलं, आणि अंधारात यंत्र चाललं.

बेलने पेटंट घेतलं नाही. ज्याला बनवायचं त्याने बनवावं, अशी त्याची भूमिका होती. हायलँड सोसायटी या स्कॉटलंडच्या शेतकी संस्थेने ५० पौंडांचं बक्षीस दिलं. आणि त्यानंतर जवळजवळ पाव शतक ब्रिटनच्या बहुतेक शेतांत विळाच चालला.

मला समजलेली कारणं सांगतो. पहिलं म्हणजे हात स्वस्त होते. दर उन्हाळ्यात आयर्लंडहून बोटी भरभरून कापणी करणारे यायचे. घरचे मजूर, त्यांच्या बायका, पोरं, सगळे रानात. इतकी माणसं दारात उभी असताना घोडे आणि लोखंडावर कोण पैसे घालणार? दुसरं कारण जमिनीचं. कित्येक रानं उंचवटे आणि सऱ्यांची, पाण्याचा निचरा त्या सऱ्यांतून व्हायचा. विळा घेतलेला माणूस सरीत उतरतो आणि वर चढतो. यंत्राचं पातं एक तर मातीत घुसतं नाही तर हवेत राहतं. तिसरं, यंत्र बनवायचा गावचा लोहार. एक दाता मोडला की त्याच्यासारखा दुसरा जागेवर मिळायचा नाही, आणि पिकलेलं पीक थांबत नाही.

म्हणजे यंत्राची वाट शोधामुळे अडली नव्हती. मजुरी चढायला हवी होती, आणि रानाचा सपाट तुकडा तयार व्हायला हवा होता. माझ्या मते सगळी गोष्ट इथेच आहे. तुम्हाला काय वाटतं?

तिवडा

दादा, उत्तम धागा. पण तुम्ही कापणीपासून सुरुवात केलीत. यंत्र आधी शिरलं ते मळणीत, आणि ते व्हिक्टोरियाच्याही आधी.

आमच्या लहानपणी खळ्यावर तिवड्याभोवती, म्हणजे मधल्या खांबाभोवती, बैलांची पात धरायचो. तिकडे बैल फिरवायची पद्धत नव्हती. एक लांब दांडा, त्याच्या टोकाला चामड्याच्या वादीने लोंबता बांधलेला आखूड दांडा, आणि तो डोक्यावरून फिरवून कोठारातल्या जमिनीवर पेंढ्या झोडपायच्या. कामाने अंग भरडून निघायचं, धुळीने छाती भरायची. पण ते हिवाळ्याचं काम होतं. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत रानात दुसरं काही नसताना छपराखाली रोजगार मिळायचा, तो यावर.

स्कॉटलंडच्याच अँड्र्यू मीकलने १७८६ च्या सुमारास फिरत्या ड्रमचं मळणीयंत्र काढलं. घोड्यांवर, पाण्यावर चालायचं. नेपोलियनच्या लढायांत पुरुष सैन्यात गेले तेव्हा ते पसरलं. लढाया संपल्या, माणसं परतली, यंत्र मात्र तिथेच राहिलं. हिवाळ्याची भाकरी गेली ती अशी. २८ ऑगस्ट १८३० च्या रात्री केंटमध्ये कँटरबरीजवळच्या लोअर हार्ड्रेसला पहिलं मळणीयंत्र फोडलं गेलं आणि दक्षिण इंग्लंडभर वणवा पेटला. 'कॅप्टन स्विंग' या नावाने धमकीची पत्रं जायची. असा कुणी कॅप्टन नव्हताच.

ध्रुव_ना

वाचतोय. मला मात्र यंत्र फोडणाऱ्यांबद्दल फारशी सहानुभूती वाटत नाही. यंत्राने धान्य स्वस्त झालं, पुढच्या पिढ्यांचे कष्ट वाचले. ते अडाणीपणाने आड आले, एवढंच.

शिवारातला

ध्रुव, इथे मी ठामपणे असहमत आहे.

त्यांची मागणी काय होती बघा. दिवसाला दोन-अडीच शिलिंग मजुरी आणि हिवाळ्यात काम. बहुतेक ठिकाणी त्यांनी माणसांना हात लावला नाही, यंत्र फोडलं. काही शेतकऱ्यांनी तर आपली यंत्रं स्वतःच बाहेर काढून ठेवली, कारण त्यांच्याही डोक्यावर चर्चला द्यायचा दशांश होता आणि या गोंधळात तो कमी व्हावा असं त्यांना वाटत होतं. नॉरफोकमध्ये नॉर्थ वॉल्शमच्या दंडाधिकाऱ्यांनी जाहीर सूचना काढून मालकांना सांगितलं की मळणीयंत्रं बंद ठेवा आणि मजुरी वाढवा. ज्यांच्या हातात कायदा होता त्यांनाच हे पटत होतं, तर याला अडाणीपणा कसं म्हणायचं?

आणि शिक्षा? १९ जणांना फाशी. जवळपास पाचशे जणांना बोटीत घालून ऑस्ट्रेलिया आणि टास्मानियाला धाडलं. त्यांतल्या बहुतेकांना आपली बायकामुलं पुन्हा दिसली नाहीत. धान्य पुढे स्वस्त झालं, खरं आहे. पण त्या हिवाळ्यात ज्याच्या घरात चूल पेटली नाही त्याला पन्नास वर्षांनंतरचा भाव सांगून काय उपयोग?

ध्रुव_ना

दंडाधिकाऱ्यांच्या सूचनेचं माहीत नव्हतं. विचार करतो यावर.

अनघा

मॅकॉर्मिकचं नाव अजून कुणी घेतलं नाही! आम्हाला तर शाळेत कापणीयंत्राचा जनक म्हणून तोच शिकवला.

शिवारातला

अनघाताई, येतोच त्याच्याकडे.

सायरस मॅकॉर्मिकने अमेरिकेत व्हर्जिनियामध्ये १८३१ ला यंत्र चालवून दाखवलं, पेटंट १८३४ चं. त्याच्या आधी १८३३ च्या शेवटच्या दिवशी ओबेड हसीने आपल्या यंत्राचं पेटंट घेतलं होतं, आणि दोघांचं भांडण पुढे वर्षानुवर्षं चाललं. मॅकॉर्मिकच्या यंत्रावर जो अँडरसन नावाच्या माणसाने काम केलं. तो त्या घरचा गुलाम होता. पेटंटवर त्याचं नाव असणं शक्यच नव्हतं, म्हणून इथे मुद्दाम लिहितो.

बेलचं यंत्र घोडे मागून ढकलायचे. मॅकॉर्मिकचं घोडे पुढून, बाजूने ओढायचे. चाक जमिनीवर फिरलं की दात्यांमधून सळईला मागेपुढे गती मिळायची. त्या सळईवर दातेरी पातं, आणि पुढे स्थिर बोटं. काडी बोटांच्या बेचक्यात सापडली की पातं तिला छाटतं. आजच्या हार्वेस्टरच्या तोंडाशी वाकून बघा, तशीच बोटं आणि त्यांच्यातून मागेपुढे सरकणारी पाती दिसतील. कापलेलं पीक मागच्या फळीवर पडायचं आणि एक माणूस दाताळ्याने ते पेंढीपुरतं ओढून खाली टाकायचा.

१८५१ ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जागतिक प्रदर्शन भरलं. तिथे या यंत्राची आधी टिंगलच झाली. मग जुलैमध्ये एसेक्समधल्या टिपट्रीला मेची नावाच्या हौशी शेतकऱ्याच्या रानावर चाचणी घेतली. पावसाळी दिवस, गहू अजून हिरवट, कुणालाही अडचण यावी असाच. हसीचं यंत्र त्या दिवशी अडकलं, मॅकॉर्मिकचं चाललं, आणि त्याला प्रदर्शनाचं मोठं पदक मिळालं. त्यावर ब्रिटनला आपला विसरलेला बेल आठवला! यॉर्कशरमध्ये बेव्हर्लीच्या क्रॉसकिलने बेलचं यंत्र सुधारून विकायला घेतलं.

पण मी म्हणतो, १८५१ ला यंत्र गाजलं ते फक्त पदकामुळे नाही. तोवर दिवस पालटले होते. बटाट्याच्या दुष्काळाने आयर्लंड रिकामा झाला, कापणीला येणारे ओसरले. गावचे तरुण रेल्वेच्या कामावर, शहरात, नाही तर परदेशात. १८४६ नंतर सरकारी कर्ज काढून जमीनदारांनी रानात मातीच्या नळ्या पुरल्या, पाणी खालून जायला लागलं, उंचवटे-सऱ्यांची गरज संपली आणि रान सपाट झालं. बेलच्या वेळी यातलं काहीच नव्हतं.

लिंकनकर

मी गेली अकरा वर्षं इंग्लंडमध्ये लिंकनला राहतो. वाफेवरच्या मळणीच्या यंत्रांचं हे माहेरघर. क्लेटन अँड शटलवर्थ हा कारखाना इथला, १८४२ चा. त्यांची चाकांवरची वाफेची इंजिनं जगभर गेली. त्याच्या आदल्या वर्षी इप्सविचच्या रॅन्सम्सने शेतकी प्रदर्शनात असं इंजिन मांडलं होतं. सुरुवातीला हे इंजिन स्वतः चालत नसे, घोडे ओढून न्यायचे. शेतकरी ते विकत घ्यायचा नाही. ठेकेदार इंजिन आणि ड्रम, म्हणजे मळणीयंत्र, घेऊन गावोगाव फिरायचा, आपल्याकडे मळणीयंत्र भाड्याने फिरतं तसंच.

इथे उन्हाळ्यात जुन्या इंजिनांचे मेळे भरतात. एकदा तासभर ड्रमजवळ उभा राहिलो. इंजिन आणि ड्रम यांच्यात लांबलचक चामडी पट्टा, मध्ये एक पीळ दिलेला. इंजिन धीम्या लयीत फुसफुसतं, पण ड्रम गुणगुणतो. वर उभा असलेला माणूस पेंढीचा आळा कापतो, दुसरा ती मोकळी करून तोंडात सोडतो. पेंढी आत गेली की गुणगुण एकदम जड होते, मग परत हलकी. नीट पसरून नाही सोडली तर ड्रम धापा टाकतो आणि खालून इंजिनवाला वर बघतो. एका टोकाला पोत्यांत दाणे, दुसऱ्या टोकाला काड, आणि पोटाखाली तुसाचा ढीग. त्या तुसापाशी पूर्वी पोरं नाही तर बाया असायच्या, कारण सगळ्यात घाण काम तेच. मी लांब होतो तरी रात्रीपर्यंत डोळे चुरचुरत होते.

वर उभं राहणाऱ्यांत बायकाही असत, घोळदार झग्यात. पाय घसरला की थेट ड्रमच्या तोंडात. असे अपघात इतके झाले की १८७८ ला खास मळणीयंत्रांसाठी कायदा करावा लागला: ड्रम आणि पेंढी घालायचं तोंड झाकलेलं हवं.

तिवडा

लिंकनकर, आमच्या वाडीतल्या दोन माणसांचे हात मळणीयंत्रात गेले, एकाचा कोपरापासून. तोंडावरचं झाकण "माल अडतो" म्हणून काढून ठेवलेलं होतं. १८७८ चा कायदा वाचून अंगावर काटा आला.

मीनाक्षी_वाई

धागाकर्त्याच्या आईंनी सरव्याचं म्हटलं, तो धागा मध्येच सुटला. बायकांचं काय झालं, ते सांगा ना. सगळे इंजिनात अडकलेत.

शिवारातला

ताई, बरोबर आहे तुमचं.

विळ्याची कापणी बायकाही करायच्या. उत्तरेकडे आणि स्कॉटलंडमध्ये तर फार. पण यंत्राच्या आधीच त्यांच्या हातातून विळा गेला तो लांब दांड्याच्या, उभ्याने दोन्ही हातांनी फिरवायच्या विळ्यामुळे. विळ्याने दिवसाला पाव-अर्धा एकर होत असेल तर याने एकरभर सहज. तो जड, पुरुषांच्या हातात गेला. बायका मागून गोळा करायला आणि पेंढ्या बांधायला लागल्या. पूर्वेच्या भागात कापणारे पुरुष आपल्यातून एक म्होरक्या निवडायचे, तो मालकाशी उक्तं ठरवायचा, आणि रांगेत सगळ्यात पुढे त्याचाच विळा. बाकीच्यांनी त्याच्या लयीत हात चालवायचा. आपल्या मुकादमासारखाच, पण उचल देऊन बांधणारा नव्हे, तो त्यांच्यातलाच.

कापणीयंत्र आलं तेव्हा दोन घोडे दिवसाला आठ-दहा एकर पाडू लागले. मागे बांधायला मात्र पाच-सहा जणं लागायचीच. आणि यंत्र शिरण्याआधी रानाच्या कडेने हाताने कापून वाट मोकळी करावी लागे, नाही तर पहिल्या फेरीत घोडे पीक तुडवायचे. म्हणजे वीस-पंचवीस वर्षं यंत्र आणि हात शेजारी शेजारी चालले. १८७२ ला जोसेफ आर्चने वॉरिकशरमध्ये शेतमजुरांची संघटना उभी केली. १८७४ ला पूर्वेच्या मालकांनी संघटनेच्या माणसांना कामावरून बंद केलं, आणि तेव्हा यंत्रं हाताशी होती म्हणून मालकांना सुगी निभावता आली. मजुरांच्या बाजूने बघितलं तर मला हा सगळ्यात वाईट क्षण वाटतो.

आता सरवा. इंग्लंडमध्येही कापणीनंतर गावच्या गरीब बाया आणि पोरं ओंब्या वेचायची. त्यातून कित्येक घरांना हिवाळ्यातल्या काही आठवड्यांचं पीठ मिळायचं. १७८८ ला कोर्टाने सांगितलं की हा कायद्याने हक्क नाही. तरी रीत पुढे शंभर वर्षं चालली. अनेक गावांत सकाळी चर्चची घंटा वाजल्यावरच वेचायला सुरुवात आणि संध्याकाळच्या घंटेला बंद, म्हणजे तान्ह्या पोराच्या आईलाही सारखी संधी. यंत्राने नीट कापलं, घोड्याच्या दाताळ्याने उरलंसुरलं ओढून घेतलं, आणि ओंब्या कमी होत गेल्या. मजुरीचा हिशोब सगळे मांडतात. हा हिशोब कुठल्याच वहीत नाही.

मीनाक्षी_वाई

घंटेचं वाचून फार बरं वाटलं. धन्यवाद.

बंदरकाठी

आपल्याकडचा एक दुवा जोडतो. १८७३ ला गव्हावरचा निर्यातकर उठवला. सुएझचा कालवा खुला झालाच होता. नर्मदेच्या खोऱ्यातला, नागपूर प्रांतातला गहू रेल्वेने मुंबईला आणि तिथून बोटीने इंग्लंडला जाऊ लागला. १८७६ ते ७८ दख्खनमध्ये माणसं भुकेने मरत होती त्या काळातही हिंदुस्थानातून गहू बाहेर जात होता. हे लिहिताना हात थांबतो.

इंग्लंडचे गिरणीवाले तक्रार करायचे की हिंदी गव्हात माती आणि खडे फार. खळ्यावर बैलांखाली मळलेला गहू, थोडी माती येणारच. पण व्यापाराच्या करारातच ठराविक टक्के भेसळ धरलेली असायची. मग स्वच्छ माल देणाऱ्याला जास्त भाव मिळेना, आणि मधले लोक तेवढी माती भरूनच द्यायचे. दोष आला शेतकऱ्याच्या खळ्यावर.

लिंकनकर

याला जोडून इकडची बाजू. अमेरिकेच्या सपाट रानांत हीच यंत्रं चालली आणि स्वस्त गहू बोटींनी आला. १८७९ ला इथे उन्हाळाभर पाऊस, पीक कुजलं, तरी भाव चढला नाही. १८७७ ला क्वार्टरला (हे तिकडचं धान्याचं जुनं माप) ५६ शिलिंगांच्या वर असलेला गहू १८९४ ला २२ शिलिंग १० पेन्सवर आला. ब्रिटनमधलं गव्हाचं रान १८७४ च्या सुमारे ३६ लाख एकरांवरून १८९५ ला १४ लाखांवर. उरलेल्या रानांत लोकांनी गवत पेरलं.

तिवडा

पेंढी बांधणारं यंत्र कधी आलं? गाठ मारणं हे तर बोटांचं काम. लोखंडाने कसं जमवलं?

शिवारातला

आधी तारेने बांधायचं यंत्र आलं, १८७० च्या दशकात. तार फक्त पिळायची, गाठीची कटकट नाही. पण तारेचे तुकडे काडात राहायचे, जनावरांच्या पोटात जायचे, पिठातही सापडायचे. शेतकरी वैतागले. मग विस्कॉन्सिनच्या जॉन ॲपलबीने १८७८ ला सुतळीची गाठ मारणारी रचना बसवली. पक्ष्याच्या चोचीसारखा एक छोटा लोखंडी तुकडा आहे. वाकडी सुई पेंढीभोवतून सुतळी आणते, चोच एक फेरा घेते तसा सुतळीचा वेढा तिच्यावर पडतो, चोच उघडून दोन्ही टोकं धरते, पातं सुतळी तोडतं, आणि पेंढी बाहेर ढकलली जाताना वेढा चोचीवरून घसरून गाठ बसते. ब्रिटनमध्ये १८८० नंतर ही यंत्रं शिरली आणि पेंढ्या बांधणाऱ्या बायांचं काम गेलं.

पेंढ्या उभ्या करून वाळवायचं काम मात्र हातांचंच राहिलं. यंत्र कडेकडेने आत येत जायचं, मध्ये उभ्या पिकाचा तुकडा लहान होत जायचा, आणि सगळे ससे त्यात अडकायचे. पोरं काठ्या घेऊन भोवती थांबायची.

अनघा

आणि बेलचं पुढे काय झालं?

शिवारातला

१८४३ पासून कारमायली नावाच्या गावात धर्मोपदेशक होता. १८६८ ला देशभरातून वर्गणी जमवून त्याला १,००० पौंड दिले, पुढच्याच वर्षी तो वारला. त्याचं यंत्र लंडनच्या विज्ञान संग्रहालयाच्या संग्रहात आहे.

काल हे सगळं आईला सांगत होतो. बेलमध्ये तिला रस नव्हता. घंटेचं तिने दोनदा विचारलं. मग मी तिला सांगितलं की पूर्व इंग्लंडमध्ये सगळ्या पेंढ्या उचलल्या तरी एक पेंढी रानात उभी ठेवायचे. ती उभी आहे तोवर सरव्याला आत पाऊल टाकायचं नाही. मालकाने ती उचलली की बाया शिरायच्या.

आई म्हणाली, "आमच्यात पेंढी नव्हती. तुझी आजी बांधावर बसायची. ती उठली, की शिरायचं."